अर्धवट जगात राहायला जाण्याविषयी

त्या बाजारातली मासळी मी खालून पाहिली.

वरून ती देखणी होती. ओल्या पाटीवर हारीने मांडलेली, रुपेरी, कल्ल्यांपाशी किंचित गुलाबी. खवल्यांवर उन्हाचे कवडसे थरथरत होते. मी जवळ गेले, वाकले, पाटीच्या कडेखालून वर पाहिले, तर मासळीला खालची बाजूच नव्हती. पोट नव्हते, काटा नव्हता. वरची साल तेवढी होती, आणि सालीच्या आतून पलीकडचे आकाश दिसत होते. विकायला बसलेली बाई तोंड उघडत होती, मिटत होती. त्या तोंडात जीभ नव्हती, दात नव्हते, आवाजही नव्हता. तिची वेणी दर थोड्या वेळाने तिच्या गालातून बाहेर येई आणि सावकाश आत जाई. मी हेडफोन काढून ठेवला, मोरीपाशी गेले आणि चूळ भरली. तोंडात काही नव्हते, तरी भरली.

हा बाजार एका ऑनलाइन खेळातला. असल्या खेळांत हजारो माणसे एकाच वेळी शिरतात. प्रत्येकाचे एक पात्र असते, त्याला पेहराव असतो, हत्यार असते, पुढेमागे घरही होते. माणसे मिळून राक्षस मारतात, शेते पिकवतात, नुसती हिंडतातसुद्धा. हा खेळ नवा होता, अजून विक्रीला यायचा होता. लाँचच्या आधी एका शनिवार-रविवारी त्यांनी तो सगळ्यांना चाखायला दिला होता. पहिल्याच दिवसापासून त्यात जायचे की नाही, हे मला ठरवायचे होते. आणि चाळिशी मागे टाकलेल्या, कॉलेजात कविता शिकवणाऱ्या बाईला हा प्रश्न पडावा याचे कारण माझी मुलगी होती.

ती नाशिकला फार्मसी शिकते, हॉस्टेलवर राहते. फोनवर आमचे बोलणे असे होई:

“जेवलीस?”

“हो.”

“काय होतं?”

“होतं काहीतरी. ठेवू?”

आमचा फोन म्हणजे बंद दारावर मारलेली टिचकी. आतून “आहे” एवढे कळे, दार उघडत नसे. पण एका जुन्या ऑनलाइन खेळात आम्ही दोघी अनेक वर्षे एकत्र होतो. घरात कोंडलेल्या त्या टाळेबंदीच्या दिवसांत तिनेच तो मला शिकवला होता, आणि पुढे ती घर सोडून गेल्यावरही आम्ही तो सोडला नाही. त्या खेळात एक सोय होती. दोन पात्रे जवळजवळ चालत असली तर त्यांना एकमेकींचा आवाज कानाशी ऐकू येई. एक मागे राहिली की तो आवाज विरत जाई, वाऱ्यावर सोडलेल्या दोऱ्यासारखा. कामे आटोपली की संध्याकाळी आम्ही तिथे एका टेकडीवरच्या पाऊलवाटेने चालायला निघत असू. चालण्याला काही हेतू नसे. वाटेत बक्षीस नव्हते, शत्रू नव्हता. गवत होते, आणि गवतावरून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाज कुणीतरी फार मनापासून केलेला होता.

त्या वाटेवर माझी मुलगी बोले. खोलीतली दुसरी मुलगी रात्री उशीत तोंड घालून रडते, हे मला तिथे कळले. पाठीवर उठलेली पुरळ, प्रॅक्टिकलमध्ये फाटलेले मलम आणि त्यावरून सरांनी सगळ्यांसमोर केलेली टिंगल, एका मुलाचा मेसेज येणे बंद झाल्यावर पोटात पडलेला खड्डा, हे सगळे तिथलेच. डोळ्याला डोळा भिडवायचा नसतो, दोघी समोरच्या वाटेकडे पाहत असतात, म्हणून तिला जमत असावे. मी कारण शोधत बसले नाही. ती बोलते आहे, एवढे मला पुरे होते.

आणि आता तिची सगळी मित्रमंडळी जुना खेळ सोडून नव्यात निघाली होती.

“आई, तू पहिल्याच दिवशी ये हं,” एका संध्याकाळी त्या टेकडीवर ती म्हणाली. “घरं पहिल्या दिवशीच मिळणारेत.”

“मिळणारेत म्हणजे?”

“म्हणजे जो आधी जाईल त्याला पाहिजे ती जागा. समुद्राकडची गल्ली आमच्या टोळीने ठरवलीय. माझ्या बाजूचं घर मी तुझ्यासाठी बघून ठेवलंय, पण तू तेव्हा ऑनलाइन पाहिजेस. नाहीतर तो लुधियानाचा घेईल.”

“घेऊ दे की बिचाऱ्याला.”

“आई! तो अंगणभर सांगाडे लावतो.”

मी हसले. मग विचारले, “आणि ही टेकडी?”

“इथे कोण राहणारे आता? सगळेच चाललेत,” ती म्हणाली, आणि दोन पावले पुढे गेली, तसा तिचा आवाज थोडा पातळ झाला.

म्हणजे प्रश्न खेळाचा नव्हता. ती जिथे जाईल तिथे मी गेले नाही, तर चालता चालता बोलणारी माझी मुलगी मला ऐकू यायची बंद होणार होती, हातात उरणार होते ते “होतं काहीतरी, ठेवू?” एवढेच.

म्हणून शनिवारी सकाळी मी त्या चाखायला ठेवलेल्या जगात शिरले, आणि ती मासळी पाहिली.

चूळ भरून परत आले तर नवरा माझ्या खुर्चीमागे उभा राहून पडद्याकडे पाहत होता. तो एका खाजगी कंपनीत हिशेब बघतो, खेळ खेळत नाही, पण मत देतो.

“मस्त आहे की,” तो म्हणाला. “प्लास्टर तेवढं बाकी दिसतंय.”

“माशाला पोट नाहीये.”

“येईल गं. पझेशन घेऊन टाक, ओसी मागून येईल.”

आमच्या शहरात हा विनोद कुणालाही समजतो. ओसी म्हणजे इमारत पुरी झाली, राहण्याजोगी झाली, असा महापालिकेचा दाखला. आणि भाईंदर-मीरा रोडला तो दाखला यायच्या आधी राहायला गेलेल्या माणसांची गणती नाही. आम्हीही त्यांतलेच. तो हसला. मला हसता आले नाही, कारण त्या शब्दासरशी माझ्या नाकात एक वास उभा राहिला होता.

मुंबईतली एक खोली सोडून आम्ही भाईंदरला, नवघरच्या बाजूला फ्लॅट घेतला तेव्हा मुलगी मांडीवर होती. इमारत अर्धी होती. जिन्याला कठडा नव्हता, लिफ्टच्या जागी काळा खड्डा होता आणि त्यात साचलेल्या पाण्यावर तेलाचे रंग तरंगत. तरीही आम्ही गेलो, कारण शेजारचा फ्लॅट दिरांनी घेतला होता, आणि आपले दोन्ही मुलगे एका भिंतीला भिंत लावून राहणार या कल्पनेने सासूबाई हरखल्या होत्या. मुहूर्त निघाला होता. बिल्डरचा माणूस म्हणाला होता, “भाभी, पूजा कर लो ना, बाकी सब हो जाएगा.” हा असा घाट आमच्यासारख्यांचाच. भिंती ओल्या असोत, नळाला पाणी नसो, मुहूर्त चुकता कामा नये. एकदा पूजा झाली की घर पुरे झाले असे आम्ही स्वतःला बजावतो.

नव्या घरात दूध उतू घालायचे असते. जाऊबाईंनी आणि मी पूर्वेकडे शेगडी मांडली, मोठे पातेले ठेवले. दूध फुगले, कडेवर क्षणभर थांबले आणि ओट्यावरून, शहाबादीवरून, जमिनीपर्यंत धो-धो वाहिले. सासूबाईंनी हात जोडले. “भरपूर गेलं हो,” त्या म्हणाल्या, “घर भरलेलं राहील.” मग आम्ही दोघी जावांनी बादलीभर पाणी ओतून ते सगळे दूध मोरीत लोटले.

मोरीचा पाइप कशालाच जोडलेला नव्हता. तो फरशीखालच्या भरावात, विटांच्या तुकड्यांत, मध्येच संपत होता. हे आम्हाला पुढे कळले. आधी वास आला: आंबट, मग कुजका, मग त्या कुजण्यावर बसलेला एक गोडसर, चिकट थर, जो भाताच्या घासाबरोबर तोंडात येई. मुलीच्या अंगाला पावडर लावली तरी तिच्या केसांत तो वास असे. मुंग्या आल्या, मग अळ्या. बिल्डरच्या माणसाला बोलावले तर तो दारातूनच म्हणाला, “नया घर है, थोड़ा स्मेल तो आएगा.” शेवटी फरशी फोडली, तेव्हा खाली पिवळ्या, दह्यासारख्या लगद्यात विटांचे तुकडे रुतलेले होते आणि तो लगदा हलत होता. भरलेल्या घराचा आशीर्वाद असा दिसतो, हे मी त्या दिवशी पाहिले. ज्या शेजारासाठी हे सारे सोसले, ते दीर-जाऊ पुढे फ्लॅट विकून वसईला गेले. भिंतीपलीकडे आता दुसरे कुटुंब आहे, चांगले आहे. सणाला त्यांच्याकडून घेवर येतो.

नवऱ्याला मी एवढेच म्हणाले, “मला त्या दुधाचा वास येतोय.”

“कुठे?” त्याने हवेत नाक वर केले. “अगं, कॉम्प्युटरला वास कुठला?”

मला येत होता. अर्धे केलेले जग राहायला द्यायचे, आणि देणाऱ्याने तोंडभर हसायचे, याचा तो वास. खेळाच्या दर्शनी पानावर सोनेरी अक्षरांत लिहिले होते की हे जग अजून घडते आहे, तुम्हीही आमच्यासोबत घडवा. की हा आपला एकत्र प्रवास आहे. वर्गात मुलांच्या कवितांतून ‘प्रवास’ हा शब्द मी लाल शाईने काढते, पण तिथे तो निदान भाबडा असतो. इथे त्याच्या बगलेत पैसे गोळा करायची तबकडी होती. जे अजून झाले नाही त्याचे पूर्ण पैसे घ्यायचे, थोडे जास्त देणाऱ्याला ‘संस्थापक’ म्हणून टोपी घालायची, त्याच्याकडून चुका शोधून घ्यायच्या, आणि या सगळ्याला सोबत म्हणायचे. ते वाचताना मला दुसऱ्याच्या तोंडातला घास आपल्या तोंडात आल्यासारखे झाले.

मी अन्याय करते आहे का, असेही मनात आले. अपुऱ्या गोष्टींचा मला तिटकारा नाही. विद्यार्थी फाटक्या कागदावर चार ओळी घेऊन येतात, पाचवी सुचलेली नसते, आणि त्या न सुचलेल्या ओळीच्या जागेवर बोट ठेवून आम्ही दोघे बसतो. ते माझ्या कामातले सर्वांत निर्मळ क्षण आहेत. त्या मासळीच्या पाठीवर उन्हाचा थरथरता कवडसा ज्याने ठेवला त्याचाही मला राग नव्हता. मला तो माणूस दिसत होता: कल्ल्यांचा गुलाबी रंग पुन्हा पुन्हा पाहणारा, आणि मागून कुणीतरी येऊन “पोट नंतर बघू, तारीख दिलीय” म्हणताच हात थांबवणारा. शिसारी होती ती त्या तारखेची.

त्या दुपारी आम्ही उत्तनच्या कोळीवाड्यात सुके बोंबील आणायला गेलो. घरातले साठवणीचे संपले होते. रस्त्यात वळणावरच वास गाडीत शिरला. समोरच्या रिक्षातल्या बायांनी पदर नाकाला लावले. मी काच खाली केली. बांबूंच्या वलांडीवर, मासळी वाळवायच्या मांडवावर, बोंबील जोडीजोडीने लटकत होते, जबड्यात जबडा अडकवलेले, डोळे वाळून काळ्या टाचणीएवढे झालेले. खारा, तिखट, ऊन पिऊन घट्ट झालेला वास. लोक त्याला घाण म्हणतात. मला त्यात घाण काही लागली नाही. मासा पूर्ण होता, पोटासकट, काट्यासकट, आणि उन्हात पूर्ण वाळत होता. परत येताना मी ठरवले की एका मासळीवरून निकाल द्यायचा नाही. उद्या मुलीबरोबर जायचे, चालून पाहायचे. चालता आले तर बाकीचे सगळे मी गिळीन.

रविवारी ती त्या जगात माझी वाट पाहत होती. तिच्या पात्राचा चेहरा नवा होता, आणि डोळ्यांची उघडझाप अजून केलेली नव्हती. आम्ही समुद्राकडच्या गल्लीत निघालो. समुद्र चकचकीत होता आणि मुका. लाट किनाऱ्याशी येई आणि तिथे, वाळूच्या हातभर अलीकडे, जणू कुणी कापून टाकल्यासारखी नाहीशी होई. चालता चालता माझी मुलगी कमरेपर्यंत रस्त्याच्या दगडात बुडाली आणि तशीच, अर्धी, माझ्या बाजूने सरकत राहिली.

मी बोलले. तिने ऐकले नाही. पुन्हा बोलले. मग पडद्यावरची ती लहानशी कर्ण्याची खूण शोधली. ती करडी होती. तिच्यावर बोट ठेवले तर अक्षरे उमटली: जवळच्यांशी बोलण्याची सोय लवकरच येत आहे.

मी फोन लावला. “अगं, इथे बोलता येत नाहीये.”

“हां, ते नंतर येणारे. त्याचं काय एवढं? दुसऱ्या ॲपवर ये ना, आम्ही सगळे तिथेच असतो. लिंक टाकते.”

मी तिथे गेले. कानात एकदम पाच-सहा घरे उघडली. कुणाकडे पंखा करकरत होता, कुणाच्या घरी प्रेशर कुकरची शिटी झाली, आणि कुणीतरी माइकला ओठ लावून कुरकुरीत काही खात होते. प्रत्येक चावा माझ्या कानाच्या पाळीवर पडत होता.

“गाइज, मम्मी आयी है,” माझी मुलगी म्हणाली.

“नमस्ते आंटी!” एका सुरात आले.

“आंटी, हीलर बनोगे ना? हमारे पास कोई हीलर नहीं है, सब मर जाते हैं,” खाणारा मुलगा म्हणाला. हाच लुधियानाचा. हीलर म्हणजे लढाईत जखमी सोबत्यांना बरे करणारे पात्र.

“पहले तुम खाना खा लो बेटा, फिर मरना,” मी म्हणाले.

सगळे खिदळले. “आंटी सॉलिड है,” कुणी म्हणाले. पोरे गोड होती. त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही वाकडे काही नाही. पण त्यांच्यात माझ्या मुलीचा आवाज वेगळा होता: वरच्या पट्टीतला, घाईचा, हिंदी-इंग्रजीच्या उड्या मारणारा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसू लावलेला. तो आवाज माझ्या डोक्याच्या वरून कुठून तरी येत होता, आणि समोर तिचे पात्र तोंड मिटून, न लवणाऱ्या डोळ्यांनी, कमरेपर्यंत दगडात उभे होते. तिची आकृती इथे, आवाज तिथे. मध्ये काही नव्हते. मला मासळी विकणाऱ्या बाईचे ते आतून रिकामे तोंड आठवले. स्वतःच्या लेकराकडे पाहून किळस यावी, आणि ती तिची नसून तिच्यावर चढवलेल्या त्या सालीची आहे हे कळूनही ओसरू नये, असा तो अनुभव होता.

“हे बघ तुझं घर,” ती म्हणाली. शेजारच्या दाराला बिजागऱ्या नव्हत्या. दार भिंतीपासून वीतभर दूर हवेत उभे होते. “खिडकीतून माझं अंगण दिसतं. भारी ना?”

“आणि आपण दोघींनी बोलायचं कुठे?”

“इथेच की.”

“यांच्यासमोर?”

क्षणभर फक्त त्या मुलाचे कुरकुरीत चावणे ऐकू आले. मग ती, त्याच हसऱ्या आवाजात, म्हणाली, “आई, मग फोन आहे ना.”

पुढचे दिवस मी दोन्ही बाजूंनी विचार करत राहिले. ती सोय उद्या येईल, परवा येईल. तोवर निदान तिच्या शेजारी असेन, दगडात बुडालेली का होईना ती दिसत राहील. लोक असेच राहायला जातात. आधी जागा धरायची, मग पाणी, मग वीज, मग लिफ्ट. आणि मी मात्र पाण्याची वाट पाहत रस्त्यावर उभी राहिले तर मधल्या काळात ती इतकी पुढे जाईल की आवाजच पोचणार नाही, ही भीती खरी होती. एकदा तर मी पैसे भरायचे पान उघडून बोटही नेले. तिथे पुन्हा ती सोनेरी अक्षरे आली, एकत्र प्रवासाची. ज्या एका गोष्टीसाठी मी जाणार होते ती एकच गोष्ट तिथे नव्हती. बाकी सोनेरी अक्षरांपासून समुद्रापर्यंत सारे होते. मी पान मिटले.

लाँचच्या आदल्या दिवशी मुलीला फोन करून सांगितले.

“मी नाही येत.”

“म्हणजे? नंतर येणार?”

“पुरा झाला की येईन. आत्ता नाही. मला ते बघवत नाही, बाळा. मळमळतं.”

“मळमळतं?” ती ओरडलीच. “आई, गेम आहे तो! सगळे गेम असेच येतात. सगळे लोक असेच खेळतात.”

“माहितेय मला.”

“मग? घर जाईल तुझं. त्या सांगाडेवाल्याला जाईल.”

“जाऊ दे.”

 ती अगदी हळू, नेम धरून म्हणाली, “तुला ना, सगळं पुरंच लागतं. म्हणून तुझं कवितांचं पुस्तक निघालं नाही कधी. कपाटात कुजतंय.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. 

“ठेवते,” ती म्हणाली.

नवरा बाजूला पेपर वाचत होता. “काय म्हणाली?”

“रागावली.”

“जायचं होतंस ना मग. तेवढं नाटक करायला काय जातं?” तो म्हणाला. त्याला दुखवायचे नव्हते. पण ‘नाटक’ या शब्दाने मला नेमके कळले की मी का जाऊ शकत नव्हते, आणि ते त्याला समजावण्याइतका माझ्यात दम उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाँच होता. मी भिजवलेले कडवे वाल सोलायला बसले होते. मोड आलेल्या वालाला एक हिरवा, कच्चा, किंचित उग्र वास असतो. साले बोटांना बुळबुळीत चिकटतात. मी घड्याळाकडे पाहायचे नाही असे ठरवून पाहत होते. आता ती शिरली असेल. आता घर धरले असेल. जुन्या खेळातल्या टेकडीवर जाऊन यावे असे मनात आले, पण एकटीने तिथले गवत ऐकण्याची हिंमत झाली नाही.

फोन वाजला. तिचा.

“काय गं? झालं का घर?”

“कसलं घर! दारातच उभं केलंय,” ती चिडून म्हणाली. “सर्व्हर भरलेत म्हणे. रांगेत टाकलंय. नुसता आकडा दिसतोय आणि हा गोल फिरतोय. उठले तर नंबर जातो. बाकीचे ॲपवर नुसते बोंबलतायत, डोकं उठलं माझं, म्हणून बंद केलं. तू काय करतेयस?”

“वाल सोलतेय.”

“ई. हात कसे होतात त्याने.” मग जरा थांबून, “बिरडं?”

“हो.”

“आमच्या मेसमध्ये उसळ म्हणून जे देतात ना, त्याला तू हातसुद्धा लावणार नाहीस. वर तवंग असतो आणि खाली पाणी. मी हल्ली बिस्किटंच खाते.”

“हल्ली म्हणजे?”

“हल्ली म्हणजे हल्ली.”

 मी एक वाल सोलला, दुसरा घेतला. तिच्याकडून माउसची टिकटिक ऐकू येत होती. तिचे डोळे त्या आकड्यावर होते, माझे परातीत. ती पुन्हा बोलू लागली. खोलीतली ती रडणारी मुलगी कोर्स सोडून गावी गेली. तिची गादी गुंडाळलेली तशीच आहे, आणि रात्री ती गादी बसलेल्या माणसासारखी दिसते. मी “हं” म्हणाले. प्रॅक्टिकलला जायच्या आधी तिचे हात थंड पडतात. मी “हं” म्हणाले. मग ती थांबली, आणि टिकटिकही थांबली.

“आई, मला इथे नाही आवडत गं. म्हणजे हॉस्टेल नाही. हे शिकणंच. मला नाही वाटत मला हे करायचंय.”

माझ्या बोटांत वाल निसटला. “केव्हापासून वाटतंय असं?”

“पहिल्या... आई! आलं, आलं, आत घेतायत! ठेवते, ठेवते हं!”

फोन बंद झाला. परातीत साले आणि वाल सारखेच दिसू लागले. ती बोलत होती तेवढा सगळा वेळ मी मनातल्या मनात म्हणत होते की रांग हलू नये. ज्यांनी हजारो माणसांना पैसे घेऊन दारात ताटकळत ठेवले होते, त्या लोकांचे मला आभार मानावेसे वाटत होते. त्यांच्या त्या बेपर्वाईवर, त्या सडक्या घाईवर मी माझ्या लेकीचे बोलणे चाखत बसले होते. माझ्या स्वतःच्याच तोंडाला कडू चव आली, आणि ती वालाची नव्हती.

मी हात धुवायला उठले तोच पुन्हा फोन वाजला.

“फेकलं बाहेर,” ती म्हणाली. “आत गेले, समुद्र दिसला, आणि अख्खा गेमच पडला. परत रांगेत. मागे टाकलं, पार मागे.”

“अरे रे.”

“काही नको अरे रे करूस. खूश असशील तू.”

खोटे बोलणे मला जमले नसते, म्हणून मी विचारले, “रांग मोठी आहे?”

“खूप.”

मी ओल्या हातांनीच पुन्हा पाटावर बसले, फोन खांद्याने कानाशी दाबला आणि परात जवळ ओढली.

“बरं,” मी म्हणाले. “मग पहिल्या काय? पहिल्या वर्षापासून?”